तळ्यावरचा कंडक्टर

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला काही कळत नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते फक्त सही करायला. ही वही मासे पाळायच्या प्रशिक्षणात मिळाली होती. पुढच्या पानांवर चुना किती आणि शेण किती असं लिहिलेलं आहे, म्हणून मी मागच्या पानापासून सुरू केलं आहे. कोणाला दाखवायची नाही. तरी कोणाच्या हाती पडलीच तर चुकांबद्दल माफ करा, कारण मला लिहायचं आहे ते भटू आप्पांबद्दल, आणि त्यांच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

भटू आप्पा माशाला मासा म्हणत नाहीत. पाशिंजर म्हणतात.

सकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर येतात, चपला एका बाजूला नीट जोडून ठेवतात आणि पाण्याकडे बघून विचारतात, "काय पाशिंजर, उठनात का?" मग कडुलिंबाला टांगलेल्या घंटीची दोरी दोनदा ओढतात. टिंग टिंग. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा. त्या आवाजानं पाण्यावर आधी एक सुरकुती येते, मग दुसरी, मग सगळं तळं अंगावर काटा आल्यासारखं शहारतं आणि मासे खायला वर येतात. मी हे रोज पाहते. तरी दर वेळी वाटतं की आपण अजून अंथरुणातच आहोत.

आप्पांनी एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केली, सगळी शहाद्याच्या बाजूच्या गाड्यांवर. निवृत्त झाले तरी खाकी शर्ट सुटला नाही. बिल्ला काढून द्यावा लागला, पण छातीवर त्याच्या पिनेची दोन भोकं आहेत आणि त्यांच्याभोवतीचं कापड बाकीच्या शर्टापेक्षा गडद आहे. घरी बायको होती, ती चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. त्यांचं गाव तापीकाठी, आमच्यापासून लांब. आमच्या गावात ते का आले असं इंदूताईनं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "मन्ही गाडी ह्या तयावर दोन मिनिट थांबे. मी मांगला दरवाजामा उभा ऱ्हाऊन पाणी देखू. उतरानं कधी जमनं नही. आते उतरनू."

एवढंच. ते असं बोलतात आणि कान खाजवतात. म्हणजे विषय संपला.

निवृत्तीनंतर त्यांनी सरकारी मत्स्यपालनाचं प्रशिक्षण घेतलं. त्या वर्गात सगळी पंचविशीची मुलं आणि मध्ये हे एकटे. मत्स्य खात्याच्या साहेबांना ते इतके आवडले की पुढे गावोगावच्या बायकांना शिकवायला त्यांनाच पाठवू लागले. आमच्या ग्रामपंचायतीनं गावतळं आमच्या बचत गटाला मासे पाळायला दिलं, तेव्हा आम्हाला शिकवायलाही तेच आले. तळ्याकाठी पंपाची एक रिकामी खोली होती. त्यात त्यांनी खाट टाकली आणि ते राहिलेच.

पहिला वर्ग शाळेच्या ओट्यावर होता. आम्ही अकरा बायका, सगळ्या मागच्या भिंतीला चिकटून बसलेल्या. साहेबांनी ओळख करून दिली. आप्पा उठले. नमस्कार नाही, काही नाही. हात हलवून म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका. मांगे जागा नही."

मागे भरपूर जागा होती. तरी आम्ही सरकलो. सरकत सरकत पार फळ्याखाली गेलो. इंदूताई आमच्या गटाची अध्यक्ष, तिच्या तोंडाला गावात कोणी लागत नाही, पण तीही सरकली. नंतर म्हणाली, "आवाजच तसा शे मेलाना. पाय आपेआप चालतस."

सगळं शिक्षण असंच, बसमधून. तळ्यात तीन जातीचे मासे सोडायचे, कारण प्रत्येकाची जेवायची जागा वेगळी. आप्पांनी फळ्यावर एसटी काढली. फार सुंदर काढली, खिडक्यांसकट. "कटला टपवर बसस. रोहू मधला सीटवर. मृगळ खाले, पायजोगे. कोनी कोनाना सीटवर बसस नही. म्हनीसन भांडन नही."

"आनि तिकीट कोन फाडस, आप्पा?" इंदूताईनं विचारलं.

"ते तुम्ही फाडशात. चैत्रमा, जायं टाकशात तवय."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मला त्या पाशिंजरांचं वाईट वाटलं, जाळं पडायचा तो तिकिटाचा दिवस त्यांना ठाऊकच नाही म्हणून.

एका तळ्यात किती मासे सोडायचे हे सांगायला त्यांनी गाडीत लिहिलेलं असतं तेच फळ्यावर लिहिलं. बैठक एवढे, उभे एवढे. "त्यानावर एक बी चढाडा ते हवा कमी पडस. मानूस खिडकीबाहेर तोंड काढस. मासाले खिडकी नही. तो पाणीबाहेर तोंड काढस." हे मी वहीत लिहून घेतलं. आयुष्यात इतक्यांदा गाडीत बसले, ड्रायव्हरच्या डोक्यावर ती पाटी वाचली, पण ती कोणाच्या श्वासाचा हिशोब आहे हे कधी मनात आलं नव्हतं.

मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण चार माणसांत तोंड उघडलं की शब्द आत पळतात. आप्पांनी पहिले चार दिवस मला प्रश्न विचारले. मी पदराचं टोक बघत बसले. पाचव्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी माझ्या नावाऐवजी हाक मारली, "विनावाहक." कंडक्टर नसलेली गाडी, मधे कुठंच न थांबणारी. तेव्हापासून मी विनावाहक. बाकीच्या बायकाही तेच म्हणू लागल्या. मला राग आला नाही. निदान नाव तरी पडलं.

आमच्याकडे कामाचं कोणी शिकवत नाही. कापूस वेचायला कोणी शिकवलं नाही, केळीचे घड डोक्यावर घ्यायला कोणी शिकवलं नाही. आईच्या मागे उभं राहायचं, की झालं. त्या दहा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हाताला काम शिकवत होतं आणि हात चुकला तर पुन्हा दाखवत होतं. गोणीला भोकं पाडून त्यात भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड भरायची, ती बांबूला बांधून पाण्यात सोडायची, मासे येऊन टोचे मारून खातात. शेण किती दिवसांनी टाकायचं. जाळं ओढताना कोणी कुठे उभं राहायचं. हे सगळं शिकायची गोष्ट असते, नुसतं अंगावर पडायची नसते, हे मला चाळिशीत कळलं.

सगळ्यात आवडलं ते हाताचं माप. पायरीवर बसायचं, हात सरळ पाण्यात सोडायचा, कोपरापर्यंत. तळवा दिसेनासा झाला तर पाणी बरोबर, माशांचं हिरवं खाणं त्यात तयार झालं आहे. तळवा स्वच्छ दिसला तर पाणी उपाशी. आणि हात मनगटाशीच नाहीसा झाला तर पाणी जास्त झालं, आता काही टाकू नका. आप्पा म्हणायचे, "माले इचारू नका. पाणीले इचारा."

मी विचारायची. सकाळचं तळं हिरवट दुधासारखं असायचं. पलीकडच्या केळीच्या बागांवर धूर नव्हे, पण धुरासारखं काहीतरी तरंगत असायचं, आणि त्याच्या मागे सातपुड्याची रेघ, पाटीवर पुसलेल्या खडूसारखी. हात आत गेला की बोटं आधी हिरवी व्हायची, मग पिवळी, मग नुसती आठवण. काचेच्या बांगड्या शेवटपर्यंत दिसायच्या. मला वाटायचं, हात माझा राहिला नाही, खाली कोणीतरी धरला आहे, आणि ते कोणी वाईट नाही. कधी कधी मी इतका वेळ बसायची की इंदूताई ओरडायची, "विनावाहक, उतर आते, डेपो ऊना."

परीक्षाही त्या पायरीवरच झाली. माझी पाळी आली तेव्हा आप्पांनी काही विचारलं नाही. मी हात पाण्यात सोडला, तळवा हरवला, मी मान हलवली. त्यांनीही मान हलवली. पास.

आता ढगांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आठव्या दिवशी आप्पांनी आम्हाला वर बघायला सांगितलं. ऊन असलं की पाण्यातलं हिरवं हवा तयार करतं. ढग असले की करत नाही. दोन-तीन दिवस सतत ढग राहिले की पहाटे पाण्यातली हवा संपत येते. अशा दिवशी पोटात जास्त गेलं, किंवा टाकलेलं खाणं सडलं, की मासे गुदमरतात. "ढग ते पेंड बंद," असं आप्पांनी आमच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं. अकरा बायका, अकरा वेळा. माझाही आवाज त्यात होता.

आषाढात जीपमधून बीज आलं. प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांत पाणी, आणि पाण्यात जिऱ्याएवढी पिल्लं, डोळे आणि शेपटी एवढंच. त्यांना मत्स्यजिरेच म्हणतात. इंदूताई पिशवी फोडायला निघाली तर आप्पांनी तिचा हात धरला. पिशव्या तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं असतं. "गाडी पुरी उभी ऱ्हाऊ द्या. मंग उतरा." आम्ही अर्धा तास पायरीवर बसून राहिलो, नवरीला घेऊन आल्यासारख्या.

एवढी लहान पिल्लं थेट तळ्यात सोडत नाहीत. काठाजवळ चार बांबू रोवून त्यांना मच्छरदाणीसारखी बारीक जाळी पाण्यात उलटी बांधतात. त्याला हापा म्हणतात. पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत त्यात वाढवायची. आमची पाळी ठरलेली होती, रोज एकीनं हाप्याकडे बघायचं. मी पाळी नसतानाही जायची. ती पिल्लं एकदम वळायची, सगळी एका वेळी, जसं वाऱ्यानं कोणी कापड फिरवावं. मला त्यांची स्वप्नंही पडायची. स्वप्नात मी त्यांच्याबरोबर मधल्या सीटवर बसलेली असायची आणि गाडी पाण्याखालून सुरतेला चाललेली.

सुरतेला माझी दोन मुलं आहेत, कापडाच्या कारखान्यात. श्रावणात कानबाई, आमच्याकडची देवी, बसते तेव्हा ती घरी येतात. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. कानबाईला रोट करतात, पुरणाचे, जाड. घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, जो गावाला आहे त्याच्याही नावानं, आणि ते रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. उरले तर पाण्यात सोडायचे, नाहीतर खड्डा करून पुरायचे.

त्या वर्षी सासूनं मुठी मोजल्या. मुलांच्या, नवापूरला असलेल्या दिराच्या, त्याच्या पोरांच्या. मी सगळ्यांचे रोट केले. आणि कोणीच आलं नाही. मुलांना सुट्टी मिळाली नाही, दिराचं काही काम निघालं. आम्ही तिघं, मी, सासू आणि नवरा, खाऊन खाऊन किती खाणार. सोमवारी वाजत गाजत कानबाई पाण्यात गेली. घरी आले तर टोपलं अर्धं भरलेलं. सासू म्हणाली, "पाणीमा सोडी ये."

मी तळ्यावर गेले. तीन दिवस ऊन नव्हतं, आभाळ राखेसारखं. पायरीवर उभी राहिले. समोर हापा, आणि त्यात ती माझी पोरं वळत होती. मला वाटलं, बाहेरच्याला द्यायचं नाही ना, मग ही कुठे बाहेरची आहेत. मी रोट कुस्करले आणि टोपलं हाप्यात रिकामं केलं.

ढग ते पेंड बंद, हे मला पाठ होतं. पण ही पेंड नव्हती, हा प्रसाद होता. प्रसादानं कोणी गुदमरतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं सांगते, मी घरी आले ती फार सुखात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावरची घंटी वाजली. एकदाच. एक घंटी म्हणजे थांबा. सगळ्या बायका धावल्या. हाप्यात पाणी पिठूळ झालं होतं, जाळीची भोकं बुजली होती, आणि वर पांढरा थर होता. आधी मला तो फेस वाटला. तो फेस नव्हता. थोडी पिल्लं अजून तोंड वर काढून हवा गिळत होती. आप्पा कंबरेएवढ्या पाण्यात उभे राहून हाप्याचा एक कोपरा सोडत होते, त्यांना मोकळ्या पाण्यात जाता यावं म्हणून. रोटाचा एक तुकडाही कुठे दिसत नव्हता.

"कोनी टाकं काय यामा?" इंदूताईचा आवाज फुटला होता. हंगाम हुकला तर ग्रामपंचायत तळं दुसऱ्याला देणार, हे सगळ्यांना माहीत होतं. "कोनी टाकं ते सांगा आते."

 मी बोलणार होते. एक पायरी उतरलेही होते.

"मी टाकं," आप्पा म्हणाले. "पेंड जास्ती व्हई गई."

 मग इंदूताईनं तोंड सोडलं. "आमनाकडथीन अकरादा बोलाई लिधं, ढग ते पेंड बंद, आनि सोता काय कयं तुम्ही? झोपमा व्हतात का?"

आप्पांनी ओल्या हातानं कान खाजवला.

साहेब आले, वहीत लिहून गेले. दिवाळीनंतर आप्पांना आणखी तीन गावांत शिकवायला जायचं होतं. त्यासाठी त्यांनी नवा खाकी शर्ट शिवला होता. ते काम दुसऱ्या कोणाला गेलं. जो सोता चुकस तो काय शिकाडी, असं गावातली माणसं पारावर बोलू लागली. तळ्यावरून जाणारी गाडी थांबली की ड्रायव्हर हाक मारायचा, "काय आप्पा, किती पाशिंजर मारात?" आप्पा हात वर करायचे, राम राम केल्यासारखा.

हंगाम जायला नको म्हणून त्यांनी आठ दिवसांत स्वतःच्या पैशानं बीज आणलं. आता जिरे वाढवायला वेळ नव्हता, म्हणून बोटाएवढी झालेली बोटुकली आणली. ती महाग असतात. छत्तीसशे रुपये झाले. हे इंदूताईनं पावतीवर वाचलं म्हणून मला कळलं. चैत्रात जाळं ओढलं तेव्हा कटला दोन्ही हातांनी उचलावा लागत होता. तळं आमच्याकडे राहिलं. सगळ्या हसत होत्या, गाणी म्हणत होत्या. आप्पा काठावर उभे राहून मासे मोजत होते आणि कोणी त्यांना बोलावत नव्हतं.

ते पैसे फेडायचं मी बोटुकली आली तेव्हाच ठरवलं होतं. गटातून मिळालेला वाटा घरात गेला, तो माझा एकटीचा नव्हता. हे पैसे मला माझ्या हातचे हवे होते. कापसाच्या दिवसांत मी इतरांपेक्षा एक ओळ जास्त वेचायची. उन्हाळ्यात गुजरांच्या मळ्यात केळीची पानं कापायला गेले. पहिले शंभर रुपये घेऊन गेले तेव्हा आप्पा खाटेवर बसून खिचडी खात होते.

"कसाना शेतस?"

मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली.

"बरं," म्हणाले आणि नोट खिशात ठेवली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. कधी शंभर, कधी पन्नास, एकदा मुलानं पाठवलेल्यातून चोरून दोनशे. ते घ्यायचे, मुलं बरी आहेत का विचारायचे आणि नंतर आम्ही पाण्याकडे बघत थोडा वेळ बसायचो.  मला ते बसणं आवडायचं. बाभळीवरचा खंड्या पाण्यात पडायचा आणि पुन्हा फांदीवर यायचा, आणि मधला वेळ कुठे जायचा कळायचं नाही.

गेल्या शुक्रवारी गटाची बैठक होती. साहेब आले होते. शेजारच्या दोन गावांतल्या बायकांना शिकवायचं आहे, तुमच्या अनुभवावरून कोणाला पाठवू, असं त्यांनी विचारलं. इंदूताई म्हणाली, "कोनले बी धाडा. भटू आप्पाले सोडीसन."

आप्पा दाराशी उभे होते. त्यांनी खाली बघितलं आणि शर्टाचं एक बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

मी उभी राहिले. मला वाटलं कोणीतरी दुसरीच उभी राहिली आहे. मी म्हणाले, "ते आप्पांनी नही कयं. मी कयं. कानबाईना रोट टाकात मी हाप्यामा."

इंदूताई माझ्याकडे बघत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "हाई बोलस बी का व?"

मग जे व्हायचं ते झालं. अर्धा तास मी बोलणी खाल्ली. वर्षभर तोंड शिवून बसली, म्हाताऱ्या माणसाचं नाव घालवलं, असं सगळं. सगळं खरं होतं. शेवटी इंदूताईनंच साहेबांना सांगितलं, "आप्पालेच धाडा. आनि आते कानबाईना रोटनं बी शिकाडाले सांगा. आमले कोठे सांगं व्हतं त्यांनी?" साहेबांनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं असेल देव जाणे.

काल शेवटचे दोनशे रुपये घेऊन गेले. आप्पा माझ्यावर रागावले होते. नवा खाकी शर्ट उन्हात वाळत होता, आणि ते माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"कोनी सांगं व्हतं तुले बोलाले? चालनं व्हतं ना बरं."

"तुम्हले म्हाईत व्हतं का आप्पा? मन्हा रोट शेतस ते?"

"त्या सकायले तुकडा देखात तवयच म्हाईत पडनं. आदला दिन टोपलं लिसन जाताना देखं व्हतं मी तुले."

"मंग मन्हं नाव का बरं नही सांगं?"

त्यांनी कान खाजवायला हात वर नेला आणि अर्ध्यात खाली आणला. मग पाण्याकडे बघत सांगितलं. त्या पहाटे त्यांनी सगळे तुकडे पाण्यातून वेचून काढले, कोणी बघायच्या आत. एक रोट मात्र कुस्करायचा राहिला होता. तो बांबूच्या बेचक्यात अडकून बसला होता, पाण्याच्या वर, कोरडा. बायको गेल्यापासून त्यांनी रोट पाहिला नव्हता. तीन कानबाया तशाच गेल्या होत्या. घरात एकट्या माणसाचे रोट कोण घालणार.

"मी तो खाई टाका," आप्पा म्हणाले. "तठेच, पाणीमा उभा ऱ्हाईसन. दुसराना घरना रोट. खावाले नको व्हता. आयुष्यभर लोकेसले बिगर तिकीटना उतारं मी, आनि सोता... मंग इंदू इचारे, कोनी कयं, कोनी कयं. मी कोन तोंडे तुन्हं नाव सांगू?"

त्यांना वर्षभर भीती वाटत होती की त्यांनी तो रोट खाल्ला म्हणून माझ्या घरात काही वाईट होईल. तेव्हा मला समजलं, दर वेळी पैसे घेताना ते मुलांची चौकशी का करायचे. मी समजायची, रीत म्हणून विचारतात.

 भाऊबंदांशिवाय कोणी खायचा नाही, आणि यांनी खाल्ला, आणि मुलं सुखरूप आहेत. मग हे आमचे कोण झाले, हे मला विचारायचं होतं. ते विचारता आलं नाही. मी विचारलं, "कसा व्हता?"

आप्पांनी नीट आठवून पाहिलं. घाई केली नाही.

"गोड व्हता. जायफय नव्हतं त्यामा."

जायफळ नव्हतंच. पुरण वाटत होते तेव्हा मुलांचा फोन आला होता, येत नाही म्हणून. त्यानंतर मी काय घातलं आणि काय राहिलं मला काही आठवत नव्हतं. रोट घरात तिघांनी खाल्ले, सासूनं नाव ठेवलं नाही, नवऱ्याला कळलं नाही.

मी पदराच्या गाठीतून शंभराच्या दोन नोटा काढून खाटेवर ठेवल्या. त्यांनी त्या उचलल्या, दोनदा मोजल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या. मग घडी करून खिशात ठेवल्या.

"छत्तीसशे," ते म्हणाले. "पुरा व्हयनात."